इथेनॉल, पिकअप आणि धर्माबादचा मुलूख

नांदेड जिल्ह्याची सरहद्द जेथे तेलंगणाला भिडते आणि गोदावरी बाभळीचा बंधारा ओलांडून बासरच्या दिशेने निघून जाते, त्या टोकाला वसलेले धर्माबाद हे तालुक्याचे गाव लाल मिरचीच्या बाजारपेठेसाठी दोन्ही राज्यांत ओळखले जाते. एकेकाळी या पेठेचा माल बैलगाडीने यायचा आणि निजामाच्या गोदावरी खोरे रेल्वेने पुढे जायचा. आज मात्र मिरचीची पोती, हरभऱ्याचे कट्टे, भाजीपाल्याच्या जाळ्या आणि पेंडीच्या गोण्या यांची ने-आण प्रामुख्याने पिकअप आणि 'छोटा हत्ती' या लहान मालवाहू गाड्यांवर चालते, आणि या गाड्यांचा धनी हा बहुधा स्वतःच चालक असून कर्जाचा हप्ता व इंधनाचा खर्च यांच्या वजाबाकीतून उरेल तेवढ्यावर आपला संसार चालवीत असतो. म्हणून पेट्रोलमध्ये इथेनॉल किती मिसळावे आणि हवे त्या प्रमाणातील मिश्रणावर चालणारी फ्लेक्स-फ्युएल गाडी या मुलखात यावी की न यावी, हा प्रश्न राजधानीतील परिषदांचा असला तरी त्याचा अखेरचा हिशेब धर्माबादच्या मोंढ्यातच होणार आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडील बहुसंख्य पिकअप डिझेलवर चालतात. २००५ साली बाजारात आलेला 'टाटा एस', म्हणजेच लोकांचा छोटा हत्ती, हाही दोन सिलिंडरांच्या डिझेल इंजिनावरच उभा राहिला. इथेनॉल हे डिझेलचे स्वाभाविक सोबती नव्हे. ते डिझेलमध्ये नीट एकजीव होत नाही, आणि दाबाने पेट घेण्याचा जो गुण डिझेल इंजिनाला हवा तोच त्यात अत्यल्प असतो. तेव्हा इथेनॉलचा लाभ वा उपद्रव तूर्त पोहोचतो तो ठिणगीवर चालणाऱ्या लहान पेट्रोल मालवाहू गाड्यांना, आणि उद्या फ्लेक्स-फ्युएल पिकअप सर्रास मिळू लागली तर तिचेही इंजिन मूलतः पेट्रोल जातीचेच असेल. ज्याच्या दारी आज डिझेलची गाडी आहे त्याला केवळ इंधन बदलून भागणार नाही, गाडीच बदलावी लागेल; ही गोष्ट या विषयावरील उत्साही भाषणांतून पुष्कळदा निसटून जाते.

मद्यार्कावर, म्हणजे इथेनॉलवरच, मोटार चालविण्याची कल्पना या भूभागाला नवी नाही, हे सांगताना मला विशेष समाधान वाटते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास ब्रिटिश सरकारने मोटारींसाठी मद्यार्काचा विचार करण्याकरिता जी समिती नेमली, तिच्यापुढे हैदराबाद संस्थानातील मोहाच्या फुलांचा विषय आला होता आणि एक टन वाळलेल्या फुलांपासून सुमारे ९० गॅलन मद्यार्क निघतो असा अंदाज मांडण्यात आला होता. आज नांदेड जिल्ह्यात असलेला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात मोडणारा किनवटचा रानमुलूख हा मोहाचाच मुलूख. पुढे १९३७ साली गोदावरीपलीकडे बोधनला निजाम शुगर फॅक्टरी उभी राहिली, जी एके काळी आशियातील अग्रगण्य साखर कारखान्यांत गणली जात असे; दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तिच्या मळीपासून मोटारीचा मद्यार्क काढण्याची तजवीज झाली. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, केंद्राने 'पॉवर अल्कोहोल' संबंधी स्वतंत्र कायदाच केला. परंतु मध्यपूर्वेचे तेल स्वस्त आणि मुबलक झाले तशी त्या कायद्याची निकड ओसरत गेली, आणि २००० साली तो रद्द करण्यात आला. इकडे कायदा रद्द झाला आणि तिकडे अवघ्या वर्षभरात, २००१ मध्ये, मिरज, मनमाड व उत्तर प्रदेशातील बरेली येथे पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचा प्रायोगिक उपक्रम सुरू झाला! बोधनचा तो कारखाना मात्र २०१५ च्या अखेरीस बंद पडला.

त्यानंतरचा इतिहास अलीकडचा आहे. २००३ मध्ये काही राज्यांत मिश्रणाची योजना लागू झाली, पण कित्येक वर्षे ती रखडत चालली. २०१३-१४ मध्ये प्रत्यक्ष मिश्रणाचे प्रमाण अवघे दीड टक्का होते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २० टक्क्यांसाठी २०३० ची मुदत घातली, ती पुढे अलीकडे ओढण्यात आली, जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचा टप्पा आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. जून २०२१ मध्ये पुण्यात तीन ठिकाणी निव्वळ इथेनॉलच्या विक्रीचा प्रयोग आरंभला गेला आणि मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतील १८३ पंपांवर 'इथेनॉल १००' या नावाचे इंधन उपलब्ध करण्याची घोषणा झाली. कारभाराच्या दृष्टीने ही प्रगती असाधारण आहे, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

इंजिनाच्या बाजूने पाहता या विषयात आता कोडे असे फारसे उरलेले नाही. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू आधीच बांधलेला असल्यामुळे त्याच्या ज्वलनास बाहेरची हवा कमी लागते. पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलच्या एका भागास केवळ ९ भाग पुरते; साहजिकच तितक्याच हवेत अधिक इंधन सोडावे लागते आणि त्यासाठी इंजेक्टर मोठे व पंप दमदार असावे लागतात. टाकीत कोणते मिश्रण आहे हे नळीतील संवेदक किंवा धुराड्यातील प्राणवायूमापक ओळखतो आणि इंजिनाचा संगणक त्यानुसार इंधनाची मात्रा व ठिणगीची वेळ क्षणोक्षणी बदलतो. फ्लेक्स-फ्युएलचे सारे रहस्य एवढेच. याखेरीज इथेनॉल पाणी शोषून घेते, जुन्या जातीचे रबर फुगविते, जस्त व ॲल्युमिनियम यांना गंज चढविते, म्हणून टाकी, नळ्या, गॅस्केटे व झडपांच्या बैठका यांचे साहित्यच वेगळे निवडावे लागते. ही निवड कारखान्यात, गाडी घडत असतानाच व्हावयास हवी. जुन्या पेट्रोल गाडीवर किरकोळ पेटी बसवून ती फ्लेक्स-फ्युएल झाली असे सांगणाऱ्या कारागिराच्या बोलण्यावर कोणीही भाळू नये. रबर आणि धातू पेटीचे ऐकत नाहीत.

इथेनॉलचे गुणही तितकेच खरे आहेत. त्याचा ऑक्टेन अंक १०८ च्या घरात असल्याने इंजिनात ठोका बसत नाही. बाष्प होताना ते पुष्कळ उष्णता शोषते, त्यामुळे आत जाणारी हवा थंड व दाट होते, आणि भर उन्हाळ्यात, पारा ४२-४३ अंशांवर असताना, पोत्यांनी लादलेली गाडी चढावर ओढताना हा गुण चालकाला प्रत्यक्ष जाणवण्याजोगा आहे. हाच गुण थंडीत उलटतो: निव्वळ इथेनॉल १३ अंशांखाली पेट घेण्यास कुरकुरते, आणि ब्राझीलमधील जुन्या गाड्यांना म्हणूनच सुरुवातीपुरत्या पेट्रोलची छोटी निराळी टाकी असे. धर्माबादच्या हवेत ही अडचण पौष-माघातील काही पहाटांपुरतीच राहील. कार्बन मोनॉक्साइड घटतो, ॲसिटाल्डिहाइड वाढते. उत्प्रेरक नळी शाबूत असेल तर हा सौदा एकंदरीत हिताचा ठरतो.

प्रश्नाचे मर्म आहे ते ऊर्जेत आणि म्हणून किमतीत. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, आणि हा निसर्गाचा नियम कोणत्याही फर्मानाने बदलत नाही. आजच्या २० टक्के मिश्रणावर जी लहान पेट्रोल मालवाहू गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते, ती निव्वळ इथेनॉलवर ११ किलोमीटरच्या आसपास जाईल; उंच ऑक्टेनचा पुरेपूर उपयोग करणारे इंजिन असले तर थोडी अधिक. यावरून ब्राझीलच्या चालकाने एक साधा आडाखा बसविला आहे: पंपावर इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तर इथेनॉल भरावयाचे, नाही तर पेट्रोल. हाच आडाखा आपल्याकडे लावून पाहू. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरले तर इथेनॉल ७३-७४ रुपयांपर्यंतच परवडते. आता २०२४-२५ च्या हंगामात तेल कंपन्यांनी इथेनॉल खरेदी केले ते सी-हेवी मळीचे ५७.९७ रुपयांनी, बी-हेवी मळीचे ६०.७३ रुपयांनी, उसाच्या रसाचे ६५.६१ रुपयांनी आणि मक्याचे ७१.८६ रुपयांनी, यावर ५ टक्के जीएसटी, वाहतूक आणि पंपचालकाचा मोबदला चढावयाचा. म्हणजे मळीचे इथेनॉल पिकअपवाल्याला स्पष्टपणे फायद्याचे, रसाचे जेमतेम, आणि मक्याचे, ज्याचा वाटा सर्वांत वेगाने वाढला आहे, ते निखालस तोट्याचे. शिवाय या हिशेबात पेट्रोलवर केंद्र व राज्य जो कर घेतात तो इथेनॉलवर घेतला जाणार नाही असे गृहीत आहे; तिजोरी ही तूट किती काळ सोसणार, याचे उत्तर धोरणाने लेखी दिले पाहिजे.

ब्राझीलचा दाखला येथे थोडा विस्ताराने पाहण्याजोगा आहे. १९७५ मध्ये तेथे प्रोअल्कूल योजना सुरू झाली, १९७९ पासून केवळ मद्यार्कावर चालणाऱ्या गाड्या विकल्या गेल्या आणि लोकांनी त्या मोठ्या विश्वासाने घेतल्या; परंतु ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस साखरेला बाहेर चढा भाव आला, कारखानदार साखरेकडे वळले, पंप कोरडे पडले आणि त्या गाड्यांचे धनी उघड्यावर आले. तो विश्वास पुन्हा बसण्यास २००३ उजाडावे लागले, जेव्हा फोक्सवॅगनची 'गोल' ही फ्लेक्स गाडी आली; आणि आज तेथे फियाटची 'स्ट्राडा' ही छोटी फ्लेक्स पिकअप देशातील सर्वाधिक खपाची गाडी म्हणून वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकावर राहिली आहे. अमेरिकेत उलट घडले: फ्लेक्स-फ्युएल पिकअप लाखोंनी विकल्या गेल्या, कारण सरकारी इंधनमानकांत त्यांच्या उत्पादकांना सवलत मिळे, पण ८५ टक्के मिश्रणाचे पंप मुख्यतः मक्याच्या मध्यपश्चिम पट्ट्यातच राहिले आणि बहुतेक मालकांनी टाकीत आयुष्यभर साधे पेट्रोलच भरले. गाडी आहे पण पंप व भाव नाहीत तर फ्लेक्स-फ्युएल हे केवळ मागच्या फाळक्यावरील बिरूद ठरते.

या दोन देशांच्या अनुभवातून मला जे दिसते ते असे की, फ्लेक्स-फ्युएल गाडीचे खरे मोल तिच्या धन्याला मिळणाऱ्या नकाराच्या हक्कात आहे. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये, पाऊसमान अपुरे ठरून साखरेची चिंता उत्पन्न होताच, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने एका आदेशाने बंदी घातली, आठवड्याभरात ती काही अंशी शिथिल केली, आणि पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये निर्बंध उठविले. ज्या इंधनाचे भवितव्य एका मोसमाच्या ढगांवर अवलंबून आहे, त्याला पर्याय ठेवणारी गाडी हीच शहाणपणाची गाडी होय. याउलट २० टक्के मिश्रणाच्या सक्तीने हा हक्कच काढून घेतला गेला आहे. जुन्या गाडीच्या मालकाला साधे वा १० टक्क्यांचे पेट्रोल मागूनही मिळत नाही. नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात म्हटले आहे की, निव्वळ पेट्रोलसाठी घडविलेल्या व १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीची इंधनक्षमता २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटते. ऑगस्ट २०२५ मध्ये यावरून देशभर तक्रारी उठल्या, आणि १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने या विषयावरील जनहितयाचिका फेटाळली. कायद्याचा निकाल लागला, पण ६-७ टक्क्यांची ती घट ज्याच्या पदरी पडली त्याला भावात सूट कोठेच मिळालेली नाही, आणि हा मला उघड अन्याय वाटतो.

आता पाण्याकडे वळले पाहिजे, कारण मराठवाड्यात कोणताही प्रश्न अखेर पाण्याशी येऊन थांबतो. नीती आयोगाच्या त्याच अहवालाने उसाच्या एक लिटर इथेनॉलमागे २,८६० लिटर पाणी लागते असा हिशेब मांडला आहे. ज्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्याच जिल्ह्यात मांजरा, विकास, रेणा यांसारखे सहकारी साखर कारखाने उभे आहेत. या कारखान्यांनी शेतकऱ्यांचे भले केले, ऊसबिले दिली, रोजगार दिला, हे नाकारण्याचे कारण नाही, तथापि मराठवाड्यात ऊसलागवडीवर बंदी घालावी अशी शिफारस २०१९ मध्ये खुद्द विभागीय आयुक्त कार्यालयाच्या अहवालाने केली, ती उगीच नव्हे. धर्माबाद तालुक्यातच बाभळी बंधाऱ्याचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. २.७४ टीएमसी क्षमतेच्या या बंधाऱ्यासाठी दोन राज्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडली, आणि २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाने त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावयाचे, शिवाय १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावयाचे, असा बंदोबस्त ठरला. ज्या नदीच्या पाण्याची अशी तारीखवार मोजदाद होते, तिच्या काठी गाड्यांच्या इंधनासाठी उसाचा पसारा वाढविणे मला कोणत्याही अर्थाने समर्थनीय वाटत नाही. मळी हा साखरेचा उपपदार्थ आहे, तो वाया जाऊ नये, इतकेच. इथेनॉलसाठी म्हणून नवा ऊस नको.

मग मका? मक्याला पाणी कमी लागते आणि एक टनापासून ३७०-३८० लिटर इथेनॉल निघते, हे खरे. परंतु त्यामागे जो चोथा उरतो, ज्याला व्यापारी डीडीजीएस म्हणतात, तो प्रथिनयुक्त असल्याने कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यात सोयाबीन पेंडीची जागा घेतो, आणि तिच्याहून स्वस्त मिळतो. लातूर ही सोयाबीनची मोठी पेठ. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल असताना बाजारात तो पुष्कळ काळ त्याच्या बराच खाली राहिला. त्याची कारणे अनेक होती, पण पेंडीची घटलेली मागणी हे त्यांतील एक होते. एका शेतकऱ्याच्या मक्याला उठाव मिळावा म्हणून दुसऱ्याच्या सोयाबीनचा भाव पडावा, ही गोष्ट इथेनॉलच्या ताळेबंदात लिहिली जात नाही, ती लिहिली गेली पाहिजे.

या मुलखाला शोभणारे पीक तिसरेच आहे, आणि ते म्हणजे ज्वारी. गोड ज्वारीच्या धाटात उसासारखा रस असतो, पीक चार महिन्यांत येते, पाणी उसाच्या मानाने कितीतरी कमी लागते, कणसाचे दाणे घरात येतात आणि रस काढलेली चिपाडे जनावरांपुढे टाकता येतात. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेने या पिकावर अनेक वर्षे चिकाटीने काम केले. आणि सुमारे २००९-१० मध्ये टाटा केमिकल्सने नांदेड जिल्ह्यातच गोड ज्वारीवर चालणारा, दिवसाला ३० हजार लिटर क्षमतेचा इथेनॉल कारखाना उभारून भोवतालच्या शेतकऱ्यांकडून लागवड करून घेतली. हा प्रयोग टिकला नाही. त्याची अडचण समजून घेण्यासारखी आहे: कापलेले धाट एक-दोन दिवसांत गाळले नाही तर त्यातील साखर आंबून जाते, काढणीचा काळ काही आठवड्यांचाच असतो, एक टन धाटांपासून जेमतेम ४० लिटर इथेनॉल मिळते, आणि वर्षातील उरलेले महिने यंत्रे रिकामी बसतात. पण ही अडचण पिकाची नसून रचनेची आहे. गावोगाव रस काढून तो आटविणारे छोटे चरक, हंगाम लांबविणारे निरनिराळ्या मुदतीचे वाण, आणि उरलेल्या काळात भिजलेल्या, खाण्यास अयोग्य ठरलेल्या ज्वारीवर चालणारा कारखाना, अशी सांगड तेव्हा घातली गेली नाही. आज इथेनॉलला हमखास गिऱ्हाईक आहे, जे तेव्हा नव्हते. म्हणून तो प्रयोग पुन्हा करण्याची वेळ आली आहे, असे माझे मत आहे.

मद्यार्क गाळण्याची विद्या तर धर्माबादला परकी नाहीच. तालुक्यातील बाळापूरच्या शिवारात पायोनियर डिस्टिलरीजने उभारलेला कारखाना पूर्वीपासून आहे. साध्या ऊर्ध्वपातनाने मद्यार्क सुमारे ९६ टक्क्यांपुढे शुद्ध होत नाही, आणि पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी तो ९९.६ टक्के लागतो, त्याकरिता पाणी शोषणाऱ्या चाळण्यांची जोड द्यावी लागते. ब्राझीलमध्ये मात्र फ्लेक्स गाड्या थोडे पाणी असलेला मद्यार्कच थेट जाळतात आणि तो खर्च वाचतो. आपल्याकडे स्थानिक उत्पादन स्थानिक पिकअपला विकण्याचा असा मार्ग मोकळा करावयाचा तर अबकारी कारभाराची संमती लागेल, आणि २३ ऑक्टोबर २०२४ च्या नऊ न्यायाधीशांच्या निकालाने औद्योगिक मद्यार्कावरील राज्यांचा अधिकार मान्य झाला असल्याने ती संमती मुंबईतूनच यावयाची आहे. मनमाडच्या आगारातून टँकरने शेकडो किलोमीटर येणाऱ्या पेट्रोलमुळे परभणी-नांदेडकडे इंधन राज्यात महागांपैकी असते. जेथे तयार होते तेथेच विकले जाणारे इथेनॉल हा वाहतूकखर्च वाचवील, आणि या सरहद्दीवरच्या तालुक्यात त्याचा भाव ब्राझीलच्या आडाख्यात बसण्याचा संभव इतर कोठल्याहीपेक्षा अधिक आहे.

तेव्हा ज्यांच्या हाती धोरण आहे त्यांना विनंती अशी की, इथेनॉलचा पंपावरील भाव लिटरवर न ठरविता त्यातील ऊर्जेवर ठरवावा, जुन्या गाड्यांसाठी कमी मिश्रणाचे पेट्रोल एका तरी नळीतून चालू ठेवावे, आणि नांदेड-लातूरसाठी उसाऐवजी ज्वारीला प्रोत्साहन द्यावे. आणि धर्माबादच्या पिकअपवाल्याला सांगणे इतकेच: कारखान्यातूनच फ्लेक्स-फ्युएल म्हणून घडलेली, लेखी हमी असलेली गाडी मिळाली, तालुक्यात इथेनॉलचा पंप उघडला आणि त्याचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांखाली राहिला, तर ती अवश्य घ्या, या तिन्हींपैकी एखादी जरी गोष्ट नसेल तर आहे ती गाडी सांभाळा.